मुठीवरची चिंधी

सोमवारी दिवेलागणीला तपासनीस दुकानात शिरले ते बाजूच्या दाराने. समोरून येणारं गिऱ्हाईक दुकानदाराला लांबूनच दिसतं आणि मग तो चेहरा नीटनेटका करून बसतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. उभी नोकरी त्यांनी वजनकाटे तपासण्यात घालवलेली. कुणी पारड्याखाली मेण चिकटवलंय, कुणी वजनाचं बूड पोखरलंय, हे त्यांना उंबऱ्यावरूनच कळायचं. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना तपासनीसच म्हणे, आणि भाजीवाला त्यांना बघितलं की काट्यावरचा हात आपसूक काढून घेई.

"चेनसॉ दाखवा," ते म्हणाले. "हलका."

दुकानवाली बाई कुठल्याशा पंपाचं झाकण उघडून बसली होती. दचकली बिचारी. "काका, तुम्ही कुठून आलात? कशासाठी हवाय?"

"झाडं तोडायला. भाजी चिरायला कोण नेतं का?"

"तसं नव्हे हो. केवढी झाडं, ते विचारतेय."

"मनगटाएवढी. एखादं पोटरीएवढं असेल."

तेवढं सांगून ते गप्प बसले. गिऱ्हाइकाने आपली गरज सगळी सांगून टाकली की दुकानदार गळ्यात वाट्टेल ते मारतो. पण गरज होती, आणि ती गळ्याशी आलेली होती. घरामागच्या उतारावर गेल्या दोनतीन वर्षांत आपोआप उगवलेल्या झाडांचं रान माजलं होतं. लेक मागच्या खेपेला आली, मागच्या दारात उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, हे तुम्ही दोघांनी आवरलं तर राहा इथेच. गडी लावून नाही हं, गडी निघून जातो आणि रान परत येतं. तुमच्या दोघांच्याने होत नसेल, तर घर विकायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं. पुढच्या महिन्यात बघायला येते." तपासनिसांनी तोऱ्यात हो म्हटलं. लेकीचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर. तिथे मागचं दारच नव्हतं. आपण तिथे वर्षभरसुद्धा टिकणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

अडचण एकच होती आणि ती त्यांच्या पँटच्या डाव्या खिशात होती. डावा हात. मध्ये एका सकाळी दाढी करताना त्या हातातून पाण्याचा मग निसटून फुटला, आणि तेव्हापासून त्या बोटांतला जोर गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, व्यायामाने येईल हळूहळू. तेव्हा सोमवारी आणि गुरुवारी दुपारी तपासनीस पलीकडच्या पेठेत व्यायामाच्या दवाखान्यात जात. तिथल्या बाईने रबरी चेंडू दिला होता. तो खिशात ठेवायचा आणि दाबत राहायचा. बायकोला सांगितलं होतं, ग्रंथालयात जातो. हाताचं तिला कळलं की लेकीला कळणार, आणि लेकीला कळलं की दारात टेम्पो उभा राहणार. इतका सरळ हिशोब.

बाईने पेट्रोलचं मशीन काउंटरवर ठेवलं. "हे घ्या. चार किलो."

तपासनिसांनी पिशवीतून ताणकाटा काढला. आकडा मशीनच्या मुठीत अडकवला, उजव्या हाताने उचललं आणि काट्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी असा आनंद झाला होता! "सहाच्या जवळ जातंय, बाई."

"डब्यावर नुसत्या इंजिनचं वजन असतं, काका. पट्टी, चेन, तेल, पेट्रोल धरत नाहीत. सगळे तसंच लिहितात."

"म्हणजे सगळेच लबाड."

"खाली बारीक अक्षरात लिहिलंय. वाचून दाखवू?"

लिहिलेलं होतं. तपासनिसांचा जरा विरस झाला. मग तिने वायरवरचं मशीन दाखवलं, ते हलकं होतं, पण वायर उताराच्या निम्म्यातसुद्धा पोचली नसती. मग बॅटरीचं आलं. आवाज कमी, धूर नाही, पण बॅटरी बसवली की मागून जड.

"दोन्ही हातांनी धरून बघा ना," ती म्हणाली. "एका हाताने अंदाज येत नाही. आणि चालवताना तर पुढच्या मुठीवर दुसरा हात हवाच. नाहीतर उसळून सरळ तोंडावर येतं."

"बघायला एक हात पुरे," तपासनीस म्हणाले आणि खिशातला चेंडू कचकन दाबला. म्हणजे दाबायचा प्रयत्न केला. बाईची नजर खिशाकडे गेली का? गेली असावी. ही मुद्दाम तर म्हणत नाही ना? हिला कुणी काही सांगितलंय का?

नजर चुकवायला म्हणून ते खालच्या फळीकडे वळले. तिथे कोपऱ्यात एक छोटंसं मशीन होतं. आखूड पट्टी, लहानशी बॅटरी, हाताळून मळलेलं. "हे दाखवा."

"ते विकायचं नाही. भाड्याने देते."

"बघू तर द्या."

त्यांनी ते उचललं. वा! मशीन म्हणजे असं. काट्याला लावायचीही गरज वाटली नाही. आणि मग त्यांचं लक्ष पुढच्या मुठीकडे गेलं आणि दोन क्षण त्यांना दुकानच दिसेना.

मुठीवर चिंधी गुंडाळलेली होती. पांढरी, बारीक निळ्या रेघांची. घट्ट, एकसारखे वेढे, टोक आत दुमडलेलं आणि त्यावर तीन आडवे टाके.

ते टाके त्यांनी झोपेतसुद्धा ओळखले असते. बायकोने शिवणाच्या कारखान्यात आयुष्य काढलं होतं. तिथे दिवसभर कात्री चालवून बोटांना घट्टे पडत, म्हणून बायका कात्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळत, आणि जिची तिला ओळखू यावी म्हणून जिचे तिचे टाके वेगळे. हिचे तीन आडवे. कारखाना सुटला, सवय सुटली नाही. घरात सांडशी, झारा, छत्री, त्यांच्या दाढीचा ब्रश, सगळ्यांना तिने चिंध्या गुंडाळून ठेवल्या होत्या. आणि ही चिंधी ज्याची, तो त्यांचा निळ्या रेघांचा सदरा? तो तर म्हणे कुणाला तरी देऊन टाकला होता!

"हे कोण नेतं?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"आहे एक गिऱ्हाईक."

"कोण?"

"काका, उद्या तुमच्याबद्दल मला कुणी विचारलं तर मी सांगायचं का?"

तपासनिसांनी मशीन फळीवर ठेवलं. त्यांना स्वतःबद्दल कुणाला काही सांगितलेलं चालणार नव्हतं. "कधी नेतं, एवढं तरी?"

"सोमवारी, गुरुवारी. दुपारी नेतात, दिवे लागायच्या आत आणून देतात. वेळेला पक्क्या आहेत."

आहेत, पक्क्या! ज्या दिवशी नवरा घराबाहेर, नेमक्या त्याच दिवशी. तपासनीस काहीही न घेता बाहेर पडले, तेसुद्धा समोरच्या दाराने. एवढे ते हादरले होते.

रस्ताभर डोक्यात चक्र सुरू. बायको मशीन नेते आणि सांगत नाही. का नाही सांगत? पुरावा गोळा करायला काय, त्यांची हयात त्यात गेलेली. एक, मागे घरांचा दलाल फाटकाशी आला होता. म्हणाला, "मागचं रान तेवढं काढा, गिऱ्हाईक उभ्या उभ्या घर घेईल." तपासनिसांनी त्याला हाकलला आणि टेबलावर राहिलेलं त्याचं कार्ड फाडून चुलीत घातलं. पण त्याआधी बायकोने त्याला चहा दिला होता! नको असलेल्या माणसाला कोण चहा देतं? दोन, लेकीचा फोन आला की हल्ली ती बोलत बोलत आतल्या खोलीत जाते. तीन, ही चिंधी. माय-लेकींचं ठरलेलं दिसतंय. रान काढायचं, दलालाला बोलवायचं आणि म्हाताऱ्याला अलगद उचलून पाचव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं. मग अट कशाला घातली? देखावा. निव्वळ देखावा.

रात्रीच्या जेवणाला दोघं समोरासमोर बसली.

"ग्रंथालयात गर्दी होती?" बायकोने विचारलं.

"बऱ्यापैकी," तपासनीस म्हणाले. आणि मग त्यांचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. तिथे लांब ओरखडा होता. "हे काय लागलं?"

"गुलाबाचा काटा."

"आपल्याकडे गुलाब कुठाय?"

"शेजारी आहे की."

असं म्हणून ती त्यांच्याकडे बघत राहिली. तेही बघत राहिले. भात निवून गेला. इतकी वर्षं एका ताटासमोर बसलेली दोन माणसं, पण त्या दिवशी एखाद्या दुकानात धाड पडावी तशी बसली होती.

गुरुवार उजाडला. तपासनिसांनी नेहमीप्रमाणे चष्मा पुसला, पिशवी घेतली आणि "येतो गं ग्रंथालयात जाऊन," असं जरा मोठ्यानेच सांगून निघाले. पुढच्या वळणावर मात्र ते पेठेकडे न जाता ओढ्याच्या बाजूला वळले. त्यांच्या खात्यात याला अचानक तपासणी म्हणत. सांगून आत जायचं नाही, समोरून जायचं नाही, आणि माल मापात असतानाच हात धरायचा. ओढ्याकाठून चालत ते आपल्याच उताराच्या पायथ्याशी आले. हात असा झाल्यापासून ते खाली उतरलेच नव्हते. घरातून बघितलं तर वरची झाडी तेवढी दिसे.

पायथ्याशी झाडी नव्हती.

जवळजवळ निम्मा उतार मोकळा झाला होता. जमिनीलगत कापलेली खुंटं, एकसारख्या उंचीची. तोडलेल्या काठ्या जाडीप्रमाणे वेगवेगळ्या रचलेल्या, कापडाचे तागे लावावेत तशा. आणि वरच्या बाजूला बायको. डोक्याला फडकं, डोळ्यांवर तपासनिसांचाच जुना मोटारसायकलचा चष्मा, साडी कासोट्यासारखी खोचलेली, पायात बूट. तिने एका झाडाला आधी उताराच्या अंगाने चीर दिली, मग वरच्या अंगाने पट्टी टेकवली. मशीन गुरगुरलं आणि झाड शहाण्यासारखं आडवं झालं. तपासनिसांच्या मनात एक क्षण शाबासकीच आली होती. ती त्यांनी दाबून टाकली.

मशीन थांबेपर्यंत ते थांबले. मग ओरडले, "कुणासाठी चाललंय हे?"

ती गर्रकन वळली. पण बाई हुशार. आधी बॅटरी काढली, मशीन खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाली, "तुम्ही ग्रंथालयात नाही गेलात?"

"ते राहू दे. आधी तू सांग. दलालाला कधी बोलावलंयस?"

"मी?" तिचा आवाज चढला. "मी बोलावलंय? अहो, दलालाकडे तुम्ही जाता! ग्रंथालय कधीपासून बंद आहे, माहीत आहे का? दुरुस्ती चाललीय. दाराला पत्रे ठोकलेत. म्हणे बऱ्यापैकी गर्दी होती! कोण होतं गर्दीत, गवंडी?"

 आयुष्यात पहिल्यांदा तपासनिसांना कुणीतरी मापात पकडलं होतं.

"मला काय वाटतं ते सांगू?" ती खाली उतरत येत होती. "त्या मेल्याचं कार्ड टेबलावर होतं, ते तुम्ही उचललंत. लगेच तुमचं ग्रंथालय सुरू झालं. लेकीला एवढ्या तोऱ्यात हो म्हणालात, पण कोयत्याला एकदाही हात लावला नाहीत. आणि तो खिसा! उठता बसता डावा हात खिशात. सारखं काहीतरी चाचपत असता. किल्ल्या असतील, त्याने दिलेले कागद असतील, मला काय कळतंय? मी म्हटलं, यांचं मनातून ठरलंय विकायचं. ठरू दे. मी रान काढते. लेकीची अट पुरी झाली की कोण विकतोय ते बघतेच. मला कुठेही जायचं नाही. मी सांगून ठेवते, हे घर सोडून मी कुठेही जायची नाही!"

"कार्ड मी चुलीत घातलं," तपासनीस पुटपुटले.

"मग खिशात काय आहे?"

 त्यांनी हात बाहेर काढला आणि चेंडू पुढे केला. बोटं त्याच्याभोवती मिटली, थरथरली, आणि चेंडू निसटला. उड्या मारत उतारावरून खाली गेला, एका खुंटाला आपटला आणि ओढ्याकडे दिसेनासा झाला. दोघंही तो जाईपर्यंत बघत राहिली.

"खिशात काही नव्हतं," ते म्हणाले. "हातच लपवत होतो."

 तिने त्यांचा हात हातात घेतला, एकेक बोट दाबून बघितलं, शिवणाच्या मशीनची सुई बघावी तसं. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "कधीपासून?"

"दाढीचा मग फुटला तेव्हापासून."

"तेव्हापासून! आणि मला सांगितलं नाहीत? मला राग आलाय. रडतेय त्याच्यावर जाऊ नका, मला भयंकर राग आलाय. मी इथे काट्यांत ओरबाडून घेतेय आणि तुम्हाला चोर समजतेय, आणि तुम्ही बाहेर जाऊन एकटेच चेंडू दाबताय!"

"मी पण तुला चोरच समजत होतो," तपासनीस म्हणाले. त्यांना खरंच फार लाज वाटली. सगळा पुरावा बरोबर होता. चिंधी खरी, वार खरे, खिसा खरा, बंद ग्रंथालय खरं. दोघांनी एकेक गोष्ट अचूक टिपली होती आणि बेरीज मात्र पार भलतीच केली होती.

"लेकीला सांगू नकोस," ते शेवटी म्हणाले. "उचलून नेईल."

बायकोने पदराने तोंड पुसलं.  "मी एक शब्दही बोलणार नाही," ती म्हणाली. "झालं?"

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून दुकानात गेली. समोरच्या दाराने. दुकानवालीने दोघांना एकत्र बघितलं आणि कुठे बघावं ते तिला कळेना. तपासनिसांना तेच भाड्याचं जुनं मशीन हवं होतं. तिने समजावलं की तसंच नवं आहे, चेन कोरी आहे, हात सुटला की चेन जागच्या जागी थांबते. बायकोने दोन्ही मशीनं आळीपाळीने उचलली, खांद्यापर्यंत नेली, खाली आणली, डोळे मिटून धरली. तपासनिसांचा हात सवयीने पिशवीतल्या ताणकाट्याकडे गेला.

"काय करताय?" बायको म्हणाली. "धरणार मी, आणि वजन तुम्ही करणार?"

त्यांनी पिशवीचं तोंड बंद केलं. तिने नवं निवडलं. पुढचे दिवस ती तोडत राहिली आणि तपासनीस उजव्या हाताने काठ्या ओढत राहिले, मध्ये मध्ये सूचना करत राहिले आणि शिव्या खात राहिले. रान संपलं. वरच्या अंगाला सावलीपुरती तीन झाडं तिने ठेवली.

रविवारी लेक ठरल्यापेक्षा लवकर आली. न सांगता, मागच्या बाजूने. सवय कुणाची ते सांगायला नको. तपासनीस घाईघाईने धुतलेली पँट चढवून मागच्या दारात आले तेव्हा ती उतार बघत उभी होती. लेक बसच्या आगारात मोठ्या हुद्द्यावर होती आणि तिचे डोळे बापाचे होते. उताराचा तळ, काठ्यांचा ढीग, खुंटं, सगळं तिने सावकाश बघितलं.

"कुणी तोडलं?" तिने विचारलं.

बायको चहा गाळत होती. ती गाळतच राहिली. एक शब्दही बोलणार नाही म्हणाली होती आणि बोलतही नव्हती.

"आम्ही दोघांनी," तपासनीस म्हणाले आणि डावा हात सवयीने खिशात घालायला गेले.

हात आत जाईना. बोटं कापडावरून घसरली. त्यांनी पुन्हा घातला. खिशाच्या तोंडावर काहीतरी टोचलं. त्यांनी खाली बघितलं. खिसा शिवलेला होता. घट्ट, एकसारखा, आणि शेवटाला तीन आडवे टाके.

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती गाळण्यातली चहापत्ती झटकत होती.

"बाबा, हाताला काय झालं?" लेकीने विचारलं.

हात उघड्यावर लोंबकळत होता. तो ठेवायला जागाच उरली नव्हती. तपासनिसांनी एकदा उताराकडे बघितलं, त्या तीन झाडांकडे बघितलं. गेलं घर, असं त्यांना वाटलं, आणि मग ते बोलले. "ह्याच्यात जोर नाही. नस दुखावलीय. झाडं सगळी तुझ्या आईने तोडली. मी नुसती ओढली. हे खरं वजन आहे, डब्यावरचं नाही."

लेक पुढे आली. तिने आपला हात त्यांच्या हातात दिला. "दाबा."

त्यांनी दाबला.

"अजून."

"एवढंच आहे," ते म्हणाले.

तिने हात सोडला नाही.   "दोघांनी आवरलं तर राहा, असं म्हणाले होते. दोघांनीच आवरलंय ना?"

"दोघांनीच."

"मग राहा. पण हा हात मी येऊन तपासणार. दर महिन्याला."

"कधी येशील?"

"सांगणार नाही," लेक म्हणाली, आणि पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसत आईने ठेवलेलं मशीन बघायला गेली. मुठीवरची निळ्या रेघांची नवी चिंधी तिने बोटाने चाचपली.

तपासनीस बायकोजवळ आले. चहाचा कप त्यांनी उजव्या हाताने घेतला, आणि डावा हात त्याच्या बुडाखाली धरला, सगळ्यांसमोर.

"किती पँटचे खिसे शिवलेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळ्यांचे," ती म्हणाली.